निरंक

सरकारी कचेरीतून दरमहा जी असंख्य विवरणपत्रे वर पाठवावी लागतात, त्यांतील बहुतेकांच्या रकान्यांत एकच शब्द पुनःपुन्हा लिहिलेला असतो. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत त्याला ‘निरंक’ म्हणतात. आमच्या केंद्राच्या कचेऱ्यांत ‘निल’. शब्द कोणताही असो, तो लिहिण्यात जे सुख आहे ते कारकुनी आयुष्यात क्वचितच दुसऱ्या कशात असेल. प्रलंबित प्रकरणे – निरंक. लेखापरीक्षेचे आक्षेप – निरंक. न्यायालयीन बाबी – निरंक. हा शब्द लिहिला की पुरवणी जोडावी लागत नाही आणि खुलासाही द्यावा लागत नाही. वरचे साहेबही तो वाचून संतुष्ट होतात आणि कागद पुढे सरकतो.

मात्र या एका शब्दाच्या पोटात दोन अगदी वेगळे अर्थ नांदत असतात. ‘शोधले, पण काही सापडले नाही’ हा एक; आणि ‘शोधताच आले नाही’ हा दुसरा. कागदावर दोहोंचे रूप एकच. आपल्यापैकी जे विवरणपत्रे भरतात त्यांना हे पुरते ठाऊक असते, आणि जे ती वाचतात त्यांनाही ते ठाऊक असावे, असा माझा संशय आहे. पण या दोन अर्थांमधील दरी किती खोल असू शकते, हे मला विवरणपत्रांनी शिकवले नाही. ते शिकवले एका छोट्याशा संगणकीय आज्ञावलीने. गेली काही वर्षे तिची देखभाल माझ्याकडे आहे.

आमच्या कलकत्त्याच्या कचेरीतून जी सूचनापत्रे ई-मेलने बाहेर जातात, म्हणजे वेतनाच्या पावत्या, निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांतील त्रुटींची पत्रे, बदलीचे हुकूम, ती सारी एका सर्व्हरमधून जातात. त्यावर ‘एक्झिम’ नावाची टपालव्यवस्था चालते. ही व्यवस्था १९९५ साली केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी लिहिली. मी तिच्याकडे जुन्या बारनिशीच्या नजरेने पाहतो, आणि मला ती फारशी परकी वाटत नाही. पत्र आले की त्याला क्रमांक पडतो, ते रांगेत लागते, आणि ज्या गावचे असेल त्या गावच्या सर्व्हरकडे नेऊन देण्याचा प्रयत्न होतो. पलीकडच्याने ‘२५०’ हा आकडा उच्चारला की आपली जबाबदारी संपली आणि त्याची सुरू झाली. पाचाने सुरू होणारा आकडा आला तर कायमचा नकार. चाराने सुरू होणारा आला तर ‘आत्ता नको, मागाहून या’. इंटरनेटच्या टपालाचे हे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लेखनिविष्ट केले, आणि पुढे २००८ मध्ये त्यांची जी सुधारलेली आवृत्ती निघाली तीत एक गोष्ट निक्षून सांगितली आहे: ज्याने पत्र स्वीकारले त्याने ते पोचवण्याची, निदान न पोचल्याचे कळवण्याची, जबाबदारी गांभीर्याने घ्यावी. तांत्रिक नियमांच्या पुस्तकात गांभीर्याचा असा उल्लेख आढळला की मला आवक शाखेतील एखाद्या जुन्या मुख्य लिपिकाचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटते.

‘मागाहून या’ असे उत्तर आलेली पत्रे रांगेत राहतात. एक्झिमच्या मूळ मांडणीप्रमाणे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी प्रयत्न होतो. पुढे तासाभराच्या अंतराने आरंभ करून ते अंतर दर खेपेला दीडपट वाढत जाते, ते सोळा तास भरेपर्यंत. आणि त्यानंतर दर सहा तासांनी, चार दिवस पुरे होईतो. आमच्या स्मरणपत्रांचीही रीत याहून निराळी नाही. पहिले लगेच, दुसरे सवडीने, तिसरे केव्हातरी. चार दिवसांनी हात टेकले की पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. पाठवणाराच नाहीसा असेल तर परत निघालेला निरोपही अडकतो, आणि अशा पत्रावर ‘गोठलेले’ असा शेरा पडतो. आपल्या टपालखात्यात बेवारशी पत्रांसाठी स्वतंत्र कचेरी असे. इथे ती सोय नाही. गोठलेली पत्रे त्याच रांगेत इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात.

या रांगेत एखादे पत्र शोधायचे कसे? एक्झिमला विचारले तर तो सारी रांग छापून दाखवतो. पहिल्या ओळीत पत्राचे वय, आकारमान, क्रमांक आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. खाली थोडे आत सरकवून ज्यांना पत्र जायचे त्यांचे पत्ते, एकेका ओळीत एकेक. मग एक कोरी ओळ, आणि पुढचे पत्र. पडद्यावर शब्द शोधण्याचे सर्वांच्या परिचयाचे हत्यार म्हणजे ‘ग्रेप’, केन टॉम्प्सन यांनी लिहिलेले आणि १९७३ पासून युनिक्सबरोबर नांदणारे. पण ग्रेप ओळ शोधतो, नोंद शोधत नाही. पत्त्यावरून शोधाल तर पत्ता तेवढा सापडेल, त्याच्या वरच्या ओळीत असलेला क्रमांक नाही. हे म्हणजे बारनिशीत नाव सापडावे आणि अनुक्रमांकाचा रकाना कोणी फाडून नेलेला असावा, तसे झाले. म्हणून एक्झिमसोबतच ‘एक्सिक्यूग्रेप’ नावाचे, पर्ल भाषेत लिहिलेले हत्यार येते. पाठवणारा कोण, घेणारा कोण, पत्र किती जुने, किती मोठे, गोठलेले की चालते, यांपैकी काहीही विचारा. ते पुरी नोंद काढून देते. ते विषयावरून मात्र शोधत नाही. आणि आमच्या कचेरीत तर जो तो विषयच विचारीत येतो. ‘अमक्याच्या पेन्शनचे पत्र गेले का हो?’ हा आमच्याकडचा सनातन प्रश्न.

तेव्हा माझ्या जागेवर पूर्वी जे गृहस्थ होते त्यांनी विषय शोधणारी एक आज्ञावली स्वतःच लिहून ठेवली. नाव ठेवले ‘खोज’. बदली होऊन जाताना त्यांनी कपाटाच्या किल्ल्या, शिक्क्यांचा डबा आणि ही ‘खोज’ अशा तीन वस्तू माझ्या स्वाधीन केल्या. पदभाराच्या यादीत पहिल्या दोहोंचाच उल्लेख आहे.

विषयाचा शोध दिसतो तितका सोपा नाही. ई-मेलच्या मथळ्यांत मुळात फक्त साधी रोमन अक्षरे चालत. देवनागरी विषय त्यांत बसवायचा तर त्याचे रोमन अक्षरांच्या अगम्य माळेत रूपांतर करावे लागते. १९९६ चा यासंबंधीचा नियम असे म्हणतो की, अशा माळेचा एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा नसावा. आगापीछा वगळला तर त्यात जेमतेम १५ देवनागरी वर्णखुणा मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी खूण. ‘निवृत्तिवेतन’ या एकाच शब्दाला बारा लागतात. म्हणजे सरकारी पद्धतीचा ऐसपैस विषय असला की त्याचे पाचसहा तुकडे सहज होतात, आणि एखादा शब्द मध्येच चिरला जातो. तुकडे एकेक उलगडून, मधली जागा पुसून, सांधून मगच शोधावे लागते. माझ्या पूर्वसुरींनी हे सारे नीट केले होते. त्यांच्या आज्ञावलीतील प्रत्येक टप्प्यावर रोमन लिपीतील हिंदीत एकेक टिपण आहे, आणि त्या टिपणांवरून मनुष्य किती सावध होता ते कळते.

दोनेक वर्षांपूर्वी एके दुपारी पेन्शन शाखेतून एक दूरध्वनी माझ्याकडे वळवण्यात आला. कारण एवढेच की बोलणारे गृहस्थ मराठी होते आणि मजल्यावर मराठी असा मीच. आमच्याच खात्यातून निवृत्त होऊन ते कऱ्हाडला स्थायिक झाले होते. “साहेब, त्रुटीचं पत्र पाठवलंय म्हणतात, आठ दिवसांत उत्तर द्या म्हणतात, आणि इथं तर काहीच आलेलं नाही,” ते म्हणाले. शाखेचे म्हणणे, आमच्या जावक नोंदीत पत्र गेलेले आहे. दोघांचेही खरे होते. शाखेने पत्र सर्व्हरच्या स्वाधीन केले होते. पुढचे कोणी पाहिलेच नव्हते. पत्राला विलंब होत असल्याची सूचना एक्झिम एका दिवसानंतर पाठवणाऱ्याला देतो खरा, परंतु आमच्याकडची ही पत्रे ज्या पत्त्यावरून निघतात तो पत्ता ‘कृपया उत्तर देऊ नये’ या जातीचा. त्याची पेटी कोणी उघडत नाही.

मी विचारले, “काका, पत्र कोणत्या पत्त्यावर यायचे होते?” तो पत्ता नातवाने उघडून दिलेला, आणि नातू पुण्याला. काकांना तो पाठ नव्हता. शाखेत विचारावे तर मूळ अर्ज संगणकात, आणि तो उघडण्याचा अधिकार ज्यांना ते रजेवर. उरला विषय. अर्जातील नाव आणि गाव आमच्या पत्रांच्या विषयात आपोआप उतरते. मी ‘खोज’ला ‘कऱ्हाड’ शोधायला सांगितले. उत्तर आले : एकही नाही.

निरंक!

हे उत्तर काकांना कळवून दूरध्वनी ठेवता आला असता. पत्र रांगेत नाही, अर्थी ते गेले, अर्थी आमच्याकडून काम पुरे. पण मला त्या गावाच्या नावातील अक्षराची शंका आली, आणि ती मराठी माणसालाच यावी अशी होती. ‘कऱ्हाड’मधला तो भुवईसारखा अर्धा ‘र’ हिंदीला ठाऊक नाही. संगणकात तो दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, आणि पुढे एक अदृश्य जोडखूण ठेवतात. पडद्यावर आणि कागदावर दोहोंचे रूप तंतोतंत एक. डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी फरक दिसायचा नाही. यंत्राच्या लेखी मात्र हे दोन भिन्न शब्द. युनिकोडचे लेखन एकसारखे करून घेण्याचे जे ठरीव संस्कार आहेत, तेही या दोन रूपांना एक करीत नाहीत. माझ्या कळफलकाने पहिली रीत वापरली होती. नातवाच्या फोनने कोणती वापरली असेल?

मी नुसते ‘हाड’ शोधले. शब्द अशुभ, पण उपयोगी. एक नोंद आली. वय तीन दिवस, कारण ४५२ : पेटी भरलेली आहे, मागाहून या. नातवाच्या पेटीत जागा उरली नव्हती. आणखी दिवसभराने चार दिवसांची मुदत संपून ते पत्र त्या कोणी न उघडणाऱ्या पेटीकडे परत गेले असते, आणि पुढच्या आठवड्यात ‘मुदतीत उत्तर न आल्यामुळे’ अशी सुरुवात असलेले दुसरे पत्र निघाले असते. तेही त्याच पत्त्यावर.

काकांनी पुण्याला नातवाला कळवले, त्याने पेटी रिकामी केली. मी पत्राला वेळापत्रकाची वाट न पाहता पुन्हा धाडले आणि पलीकडून २५० आला. त्या संध्याकाळी ‘खोज’मध्ये चार ओळी घातल्या. आता शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा अर्धा ‘र’ एकाच रूपात आणला जातो.

खरे काम त्या चार ओळींच्या पुढेच सुरू झाले. ‘सापडले नाही’ आणि ‘वाचता आले नाही’ यांत ‘खोज’ आजवर भेद करीत नव्हती. एखाद्या पत्राचा विषय भलत्याच लिपिसंकेतात असेल, एखाद्या मथळ्याचा तुकडा अर्धवट असेल, तर ती मुकाट्याने ते पत्र ओलांडून पुढे जाई, आणि शेवटी शांतपणे निरंक म्हणे. याबाबतीत जुना ग्रेप अधिक प्रामाणिक आहे. सापडले तर तो शून्य हा आकडा देऊन थांबतो, न सापडले तर एक, आणि काही बिघाड झाला तर दोन. तीन अवस्थांना तीन आकडे. मी हीच शिस्त ‘खोज’ला लावली. शिवाय जी नोंद तिला उमगत नाही ती आता ती दडवीत नाही, अखेरीस वेगळी छापते : ‘खालील पत्रे वाचता आली नाहीत’. आरंभी ही यादी पाहून शाखेतील मंडळी कुरकुरली. पूर्वी कसे स्वच्छ उत्तर येत असे! स्वच्छ उत्तराची ही आवड मी समजू शकतो. मीही विवरणपत्रे भरतोच.

या शिस्तीची कसोटी लागायला फार दिवस लागले नाहीत. एक्झिमची ४.९७ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली होती. आमच्या सर्व्हरवर ती यथावकाश, म्हणजे सरकारी गतीने, यायची होती. तीत पत्राच्या क्रमांकाची लांबीच बदललेली आहे. पूर्वीचा क्रमांक १६ अक्षरांचा : सहा, मग रेघ, सहा, रेघ आणि दोन. पहिल्या सहांत पत्र आल्याची वेळ सेकंदांत, पण आपल्या दशमान पद्धतीने नव्हे, तर दहा अंक, सव्वीस मोठी आणि सव्वीस लहान रोमन अक्षरे मिळून बासष्टांच्या पद्धतीने लिहिलेली. मधल्या भागात पत्र स्वीकारणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक. शेवटी सेकंदाचा अंश. नव्यात मधला भाग अकरा अक्षरांचा आणि शेवटचा चारांचा, एकूण २३. केव्हाही बदलणार नाही असे समजून ज्यांनी १६ हा आकडा आपल्या आज्ञावलीत कोरून ठेवला, अशांची संख्या जगात थोडी नसावी. ‘खोज’मध्येही तो कोरलेला होता. नवा क्रमांक तिला क्रमांक म्हणून ओळखताच आला नसता. आणि जुन्या रीतीने वागती तर भरलेल्या रांगेपुढे उभी राहून ती रोज निरंक सांगत बसली असती.

बदलांची टिपणे मी आधीच वाचलेली असल्याने तसे घडले नाही. चाचणीसाठी नव्या आवृत्तीची एक रांग वेगळ्या यंत्रावर मांडून तिच्यावर जुनी ‘खोज’ चालवली, तेव्हा ‘वाचता आली नाहीत’ या मथळ्याखाली सगळीच्या सगळी पत्रे छापली गेली. ती लांबलचक यादी पाहून मला झालेला आनंद शेजारच्या टेबलावरील बाबूंना मुळीच कळला नाही. मग दोन्ही लांबीचे क्रमांक ओळखण्याची सोय केली. दोन्ही अशासाठी की, ज्या दिवशी आवृत्ती बदलते त्या दिवशी रांगेत जुन्या क्रमांकांची पत्रेही शिल्लक असतात.

‘खोज’संबंधी एका गोष्टीवर मात्र माझा आणि वरिष्ठांचा मतभेद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. मध्यंतरी कोणाचा तरी परवलीचा शब्द चोरीला जाऊन आमच्या रांगेत जाहिरातींची हजारो पत्रे शिरली. ‘खोज’ने त्यांचे क्रमांक निवडून दिले, ते डोळ्यांखालून घातले आणि मग एक्झिमच्या स्वतंत्र आज्ञेने ती काढून टाकली. साहेबांचे म्हणणे पडले की, हे दोन टप्पे कशाला? ‘खोज’लाच काढून टाकण्याचा अधिकार द्या, म्हणजे एका आज्ञेत काम होईल. वेळ वाचेल हे मान्य. तरी मी तो अधिकार तिला दिलेला नाही. एक्सिक्यूग्रेपच्या कर्त्यांनीही तो दिलेला नाही. सांगाल तर ते नुसते क्रमांक छापून देते, पुढचे पाप-पुण्य तुमचे. आपल्या कचेऱ्यांतही टिपणी सादर करणारा हात आणि सही करणारा हात वेगळे असतात, ते काही केवळ कागद वाढावेत म्हणून नव्हे. शोधण्यात चूक झाली तर उत्तर खोटे येते. पत्र जागच्या जागी राहते आणि कऱ्हाडच्या काकांसारखा कोणी दूरध्वनी केला तर ते पुन्हा शोधता येते. काढून टाकण्यात चूक झाली तर खोटा निरंक खरा होऊन बसतो. त्या हजारांच्या गर्दीत सात पत्रे आमची स्वतःची होती. त्यांत एक भविष्यनिर्वाह निधीचे होते. विषयात योगायोगाने जाहिरातींतला एक शब्द होता, एवढाच त्यांचा अपराध.

ही टिपणी मी लेखी सादर केली आहे. तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला असून चर्चा व्हावयाची आहे.

‘खोज’सोबत मी आता नमुन्याची एक रांग ठेवून दिली आहे. तीत सोळा अक्षरी आणि तेवीस अक्षरी क्रमांक आहेत, पाच ठिकाणी चिरलेला एक विषय आहे, अर्ध्या ‘र’ची दोन्ही रूपे आहेत, आणि एक पत्र असे आहे की ते कोणालाच वाचता येऊ नये. काही बदल केला की आधी ही रांग चालवायची आणि उत्तर ताडून पाहायचे. शेजारचे बाबू एकदा हा खेळ पाहत उभे होते. मी त्यांना ‘कऱ्हाड’ दोन रीतींनी लिहून दाखवले, आणि दोन्ही कसे एकच दिसतात तेही दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दादा, आमच्या खंड-तचे काय?”

बंगालीत ‘विद्युत्’, ‘हठात्’ अशा शब्दांच्या अखेरीस जो अर्धा ‘त’ येतो, त्याला ते खंड-त म्हणतात. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००५ साली; त्यापूर्वी तोही साधा ‘त’, हलन्त आणि तीच अदृश्य जोडखूण अशा रीतीने लिहीत. आमच्या बंगाली पत्रव्यवहारातले किती विषय अजून जुन्या रीतीचे आहेत, ते मोजायचे आहे. बाबूंनी सोमवारी शब्दांची यादी करून आणतो असे सांगितले आहे, आणि नमुन्याच्या रांगेत मी त्यांच्यासाठी दोन जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.